न सुटणाऱ्या पेशी

रिहामनं तिसऱ्यांदा प्रयोगाची काचेची थाळी धुतली. पेशी सुटल्या नाहीत.

सूक्ष्मदर्शक सोडून ती टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभी राहिली. आज पाळीचा दुसरा दिवस. खाली अलेक्झांड्रियाची ट्राम खडखडत गेली. सासूनं थर्मासमध्ये भरून दिलेला दालचिनीचा काढा केव्हाच संपला होता.

एंडोमेट्रिओसिस झालेल्या बाईच्या गर्भाशयातल्या पेशी पोटात भलतीकडे जाऊन रुजतात, आणि मग दर महिन्याला जीव नकोसा करतात. त्यांच्या अंगावर चिकटून धरणारे रेणू जास्त असतात, एवढंच रिहामला सिद्ध करायचं होतं. निरोगी बाईच्या पेशी मात्र पाण्यासरशी निघून जायला हव्यात. पण निरोगी बाई आणायची कुठून? कुठली धडधाकट बाई नवऱ्याला सांगून गर्भाशयातला नमुना द्यायला डॉक्टरपुढे आडवी होईल? कसेबसे दोन नमुने जमले. पहिला नीट धुतला जाई. दुसरा हटूनच बसला होता. तो बाद झाला की प्रबंध आणखी वर्षभर लांबला. रिहाम आता अगदी थकून गेली होती.

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक डॉक्टर सुहैर आल्या. साठीच्या, चार मुलांच्या आई, जिभेच्या तिखट.

“झालं का धुणं? पाणी बदललंस, थाळी बदललीस. आता काय मलाच बदलतेस?”

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तो हलवला नाही.

“अगं, ह्या तर सरळसरळ आजारी बाईच्या पेशी आहेत. कोण ही तुझी निरोगी?”

रिहाम ओशाळली. “मीच, मॅडम. दुसरं कुणी मिळेना.”

“आणि तुला काही त्रास नाही?”

“छे हो. पाळीत दुखतं, उलट्या होतात, दोन दिवस धड उभं राहवत नाही, तेवढंच. ते काय, सगळ्याच बायकांचं असतं. आईचं तसंच होतं, मावशीचंही.”

सुहैरबाईंनी खुर्ची ओढली आणि खांद्याला धरून तिला बसवलं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

“सगळ्यांचं नसतं गं, पोरी. मला कधीच दुखलं नाही.”