तसलीच पिशवी

"ए बाई, रुको! ही थैली मॅडमची ना?" मधुरिमा मॅडमकडची भांडी घासून निघालेल्या इंदिराला गार्डने फाटकावरच अडवलं. मॅडमने परदेशातून मागवून पार्टीत मिरवलेली लाल अक्षरांची कापडी पिशवी, हुबेहूब तशीच हिच्या खांद्याला होती.

"भिया, आईची शपथ, बडा गणपती चौकातल्या किराणावाल्याने दिवाळीला फुकट दिली!"

पण बघ्यांनी तिला चोर ठरवूनही टाकलं. आता कोण घरात घेणार होतं तिला?

तेवढ्यात मॅडम स्वतःची पिशवी खांद्याला लावून खाली आल्या. इंदिराचा जीव भांड्यात पडला.



"चोरी नाही केली हिने," दोन्ही पिशव्यांकडे बघत मॅडम कडाडल्या, "पण उद्यापासून असली पिशवी घेऊन आली, तर हिला आत सोडू नका. लोक माझीपण फुकटची समजतील!"