वाळत घातलेली टोपी

मावशीला हौस दांडगी. भाची प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी टिपते म्हटल्यावर ती तारांची टोपी घालून ऐटीत बसली. तिने डोळे मिटले की पडद्यावर संथ लाटा उठायच्या, उघडले की विरायच्या.

“ज्यांच्या लाटा भरभर, ते आमच्या कोड्यांत बहुधा थोडे पुढे असतात,” भाची म्हणाली.

“म्हणजे आमची मालगाडीच!” मावशी खो खो हसली.

भाचीने टोपी पुसून नेहमीसारखी थर्माकोलच्या डोक्यावर वाळत घातली. त्याला नाक होतं, कान होते. डोळे मात्र कुणी कोरलेच नव्हते. गप्पांच्या नादात टोपीची यंत्राला जोडलेली वायर काढायची राहिली.

पडद्यावर लाटा उठल्या. संथ नव्हेत, चांगल्या भरभर.

“अगं, हा तर माझ्यापेक्षा हुशार निघाला!” मावशीने टाळी वाजवली. भाचीलाही हसू आवरेना. “विचार की त्याला एखादं कोडं.”

मावशी त्या कोऱ्या चेहऱ्यापुढे वाकली. “काय रे शहाण्या, सांग बघू, मी कोण?”

लाटा एकदम विरल्या.

“बिचाऱ्याचं डोकंच चालेना!” मावशी हसतच होती.

भाचीने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

“मावशी, त्याने डोळे उघडलेत.”