निळी नळी

माझा नवरा कपिल फ्रँकफर्टला व्हॉल्व्ह डिझाइन करतो, त्यामुळे भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमध्ये पाणी भरणं म्हणजे आमच्याकडे सत्यनारायणाची पूजाच. कॅम्पिंगच्या जागेवरच्या नळाचं तोंड त्याने सॅनिटायझरने पुसलं, पाण्याचा दाब मोजला, फिल्टर बसवला. मग पिण्याच्या पाण्याची खास निळी नळी त्याने तान्ह्या बाळासारखी हातावर घेतली आणि पुण्याहून आलेल्या सासूबाईंना तीनदा बजावलं, "आई, हिचं टोक जमिनीला टेकता कामा नये. जंतू लागतात."

सासूबाई बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्याच नळीने टाकी पुन्हा भरली, त्या पाण्याचा चहा केला आणि आम्हा सगळ्यांना आग्रहाने पाजला. "घ्या, आता कसं निर्धास्त प्यायचं! पाण्याचा सगळा विचार केलाय मी."

सासूबाईंनी रिकामा कप खाली ठेवला.


"सगळा कुठला? गाडीतल्या संडासात तर नुसता कागद ठेवलायस! शेवटी पहाटे मीच ती निळी नळी खिडकीतून आत ओढून घेतली. पण जमिनीला टेकू दिली नाही हो!"