ड्रायव्हरच्या मागची सीट

"नाना, ब्रेक माझ्या पायाखाली आहे," सून हसत म्हणाली, तेव्हा कुठे नानांनी आपला उजवा पाय मागे घेतला. पुढच्या सीटवर बसल्यापासून ते पायाखालचं पायपुसणं दाबत होते. बाहेर अख्खं शहर सणासाठी नटलं होतं. पुलाच्या दोरांवरून निळे दिवे ओघळत होते, झाडांच्या बुंध्यांना सोनेरी माळा गुंडाळल्या होत्या, दुकानांच्या दारांत दिव्यांची हरणं उभी होती. आणि नाना बघत होते पुढच्या टेम्पोचे मागचे लाल दिवे.

मागच्या सीटवर माईंनी कपाळाला हात लावला. जन्मभर शहराची बस चालवलेल्या नवऱ्याला रोषणाई दाखवायला आणायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण सुनेचा उत्साह दांडगा. नाना निवृत्त झाल्यानंतरचा हा पहिलाच सण, तेव्हा दोघांनी जोडीनं दिवे बघायचेच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिनं एवढं मनावर घेतलं, याचंच माईंना अप्रूप होतं. त्यांच्या मनात एकच इच्छा राहिली होती. एकदा तरी या माणसानं रस्ता सोडून आपल्याकडे बघावं आणि म्हणावं, अगं, ते बघ किती छान.

"लग्न झाल्यापासून यांनी एकदाही मला रोषणाई दाखवली नाही," त्यांनी सुनेला सांगून टाकलं. "सणाला जगाला सुटी, आणि आमचे हे हटकून ड्यूटीवर."

नानांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. या कलेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग सून विचारत गेली आणि माई सांगत गेल्या. सणाच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या नवऱ्याच्याच बसमध्ये चढायच्या. रीतसर तिकीट काढून. ड्रायव्हरची बायको फुकट बसली, असं कुणी म्हणायला नको. नियम म्हणजे नियम, हे घरूनच बजावलेलं असायचं. 'ड्रायव्हरशी बोलू नये' ही बसमधली पाटी तर बहुधा माईंसाठीच लावली होती. त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, काचेला नाक लावून बसायच्या. समोर पत्र्याची आडभिंत, त्यामुळे पुढचा रस्ता काही दिसायचा नाही. वरच्या आरशात कधी नानांचे डोळे दिसले तर दिसले, तेही कपाळावरच्या आठ्यांसकट.

पण माईंचं नशीब जोरावर होतं. घड्याळाच्या चौकात, बरोबर त्या उंच इमारतीसमोर, दर वर्षी सिग्नल लागायचा. इमारतीच्या भिंतीवर दिव्यांचा मोठा पक्षी असे. तो तळमजल्यावरून उठायचा, एकेक मजला वर चढायचा आणि गच्चीपाशी पोचला की पंख उघडायचा. सगळा सावकाशीचा मामला. इतरांना अर्धामुर्धा पक्षी बघूनच पुढे जावं लागायचं, माईंना मात्र दर वर्षी अख्खा मिळाला. पलीकडे दारापाशी पुढे बसलेले उतारू कुरकुरायचे, मागच्या गाड्या भोंगे वाजवून कान किटवायच्या. माणसांना काडीचा धीर नाही, असं तेव्हा माईंना वाटायचं. पंख पुरते उघडले की बस हलायची.

सांगता सांगता माई हळव्या झाल्या. एका खोलीचा संसार, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलाची शाळा, या सगळ्यात तेवढी एक संध्याकाळ त्यांना वर्षभर पुरायची. ज्या कुणी त्या चौकात सिग्नल बसवला त्याचं भलं होवो, असं त्या दर वर्षी मनापासून म्हणायच्या. अजूनही म्हणतात.

आणि नाना तेव्हा काय करायचे, असं सुनेनं विचारलं. करणार काय, माई म्हणाल्या, डेपोत उशिराबद्दल बोलणी खायचे. वेळ पाळणाऱ्या ड्रायव्हरला वर्षाच्या शेवटी चांदीचा बिल्ला मिळे. नाना वर्षभर काट्यावर गाडी न्यायचे आणि सणाच्या आठवड्यात नेमकी माशी शिंकायची. बरोबरीचे सगळे बिल्ला लावून निवृत्त झाले, यांचा खिसा कोराच राहिला. त्यावरून माईंनी आयुष्यभर टोमणे मारले होते, आणि आताही सुनेसमोर एक मारून घेतला. नानांचा उजवा पाय पुन्हा पायपुसण्यावर गेला.

घड्याळाचा चौक आला. माई सरसावून बसल्या. दिवे यंदा नवे होते, पक्षी तोच होता. तो तळमजल्यावरून उठला, दुसऱ्या मजल्यावर आला, तिसऱ्यावर आला, आणि तेवढ्यात गाडी चौक ओलांडून पुढे निघाली. माईंनी मान मागे वळवली, पण पक्षी एका होर्डिंगाआड गेला होता.

सून हळहळली. हिरवा दिवा होता, मागे एवढ्या गाड्या, थांबता येईना, असं म्हणाली. ऑफिसला ती रोज याच रस्त्यानं जायची. हा मोठा रस्ता, इथं हिरवाच फार वेळ असतो, आपल्याला तर या चौकात कधी थांबल्याचं आठवत नाही, असंही म्हणाली.

"असू दे गं," माईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आज नाही लागला सिग्नल. नशीब काय दर वेळी साथ देतं?"

नानांनी रस्त्यावरची नजर काढली आणि सीटवर पुरते मागे वळून ते बायकोकडे बघू लागले. कपाळावर एकही आठी नव्हती.

"तेव्हा तरी कुठे लागायचा?" ते म्हणाले.