राईच्या पुस्तकातली चूक

बालमित्र कुमारचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. "भरमा, आपल्या बेळगुंदीच्या देवराईवर पुस्तक लिहितोय. तुला आठवतं ते कळव." भरमाअण्णांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण राईवरची त्यांची स्वतःची वही चाळीस वर्षं अर्धीच पडून होती.

आता पुस्तक छापून आलं, आणि अण्णा लाल पेन घेऊन त्यातल्या चुका शोधू लागले.

"त्यांनी लिवलं बगा. तुमी बसा जळत," बायको चंद्राबाई म्हणाल्या.

अख्ख्या पुस्तकात एकच चूक सापडली: 'राईतली वाळकी काडीही उचलायची नसते. तरी विटीदांडूसाठी मी जांभळाची फांदी तोडली आणि गावाचा मार खाल्ला.'

अण्णांनी त्याच दिवशी उत्तर टपालात टाकलं.

"कुमार, फांदी मी तोडली होती, मार तू खाल्लास. पुढच्या आवृत्तीत माझं नाव घाल."