सतरा नंबरचं रक्त

विनयाने सतरा आणि बावीस नंबरच्या माकडिणींचे तपासणीचे कागद शेजारी शेजारी ठेवले. एकाच जनावराचं रक्त दोन नळ्यांत भरावं, तसे आकडे जुळत होते. सतराच्या पिंजऱ्यातल्या बाकी दोघी आधीच विषाणूबाधित निघाल्या होत्या. मग ही एकटीच निर्दोष कशी?

नळ्यांवर नंबर चिकटवायचे ते भोईरमामा, गेली बावीस वर्षं माकडांची देखभाल करणारे. तिने त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"मामा, नळी बदललीत ना?"

"मशीनचं काय सांगावं, बाई."

"मशीनवर ढकलू नका."

मामांनी मान खाली घातली. "तिचं पिल्लू अजून अंगावर पितंय. बाधित म्हटलं की तिला मारणार. दूध सुटेपर्यंत तरी थांबा."

"एकीपायी इथली चारशे माकडं बाधित झाली, तर सगळीच मारावी लागतील!" विनया कडाडली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, मामा डावा हात खिशातून काढतच नव्हते.

"हात दाखवा."

अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

"मघाशी चावली. पिल्लाला उचलत होतो."

माकडाला फारसा न बाधणारा हा विषाणू माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. विनयाने मामांना ओढतच नळाखाली नेलं, साबण लावून जखम चोळायला घेतली आणि बाहेरच्या मदतनिसाला ओरडून डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

"साहेबांना सांगणार, बाई?"

"सगळं सांगणार," ती म्हणाली. जखम धुवायची पंधरा मिनिटं पूर्ण होईपर्यंत तिने त्यांचं मनगट सोडलं नाही.