फोन आला की निघतो

एप्रिल १९९८. शनिवारची शिफ्ट संपवून वॉटफर्डला घरी आले, तर आमचे डॉक्टर पतिराज फोनच्या लाइनवर इंटरनेट लावून अमेरिकेतल्या हमिंगबर्डचा माग काढत बसलेले.

"अंगठ्याएवढा जीव, एकटा समुद्र ओलांडतोय! तुला आहे का त्याचं काही?"

"आणि आईंना आणायला हीथ्रोला जायचं होतं ना?"

"उतरली की फोन करणार आहे. अजून वाजला नाही."

"वाजेल कसा? सकाळपासून लाइन अडवून तुम्हीच बसलाय!"

तेवढ्यात बेल वाजली. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "बघ गं, कोण आलंय."

दारात टॅक्सी, दोन बॅगा आणि आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेल्या सासूबाई.



"अगं सुप्रभा, तीन तास फोन एंगेज लागतोय. शशी बरा आहे ना?"